‘कोपर वर’ की ‘रेषेच्या पलीकडे’?

राज्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे मैदानावर चक्कर मारली, तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली हमखास दिसतात. मैदानी चाचणी 50 गुणांची. त्यातले 15 गोळाफेकीचे, 15 शंभर मीटर धावण्याचे आणि 20 लांब अंतराच्या धावण्याचे. गोळा वीतभर अलीकडे पडला किंवा धावताना अर्धा सेकंद जास्त लागला की गुण कमी होतात आणि एकेका गुणावर नोकरी अडते. साहजिकच शिकवणाऱ्याचा आवाज चढलेला असतो. ‘कोपर वर ठेव’, ‘गुडघ्यात वाक’, ‘कंबर फिरव’, ‘मनगट झटक’, ‘मान सरळ’. गोळा हातातून सुटायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात मुलाने पाच अवयव सांभाळायचे असतात.

क्रिकेटच्या नेटमध्ये, बॅडमिंटनच्या कोर्टवर, कुस्तीच्या तालमीत थोड्याफार फरकाने हीच भाषा असते. आपल्याकडचीच ही खोड आहे असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धेत उतरलेल्या 13 खेळाडूंना, प्रशिक्षक सरावात काय सांगतात असे 2010 च्या एका पाहणीत विचारले गेले. त्यातल्या 11 जणांनी उत्तर दिले ते हात, पाय, गुडघे यांच्या हालचालींबद्दलच्या सूचनांचे. नऊ जण तर प्रत्यक्ष स्पर्धेतही मनात अवयवच घोळवत होते. पाहणी लहान आहे, पण ती खेळाच्या अगदी वरच्या पायरीवरची आहे.

या सवयीला खेळविज्ञानाने गेली पंचवीस वर्षे चुकीचे ठरवले. अवयवांकडे लक्ष वेधू नका, हालचालीच्या परिणामाकडे वेधा, असा सल्ला पाठ्यपुस्तकांत गेला, प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमांत गेला आणि आता समाजमाध्यमांवरच्या व्यायाम-गुरूंच्या तोंडीही बसला आहे. आयर्लंडच्या रग्बी संघटनेत काम केलेले निक विंकलमन यांचे ‘द लँग्वेज ऑफ कोचिंग’ हे 2020 चे पुस्तक बऱ्याच अंशी याच पायावर उभे आहे. पण 2024 मध्ये त्या पायाखालची जमीन तपासली गेली आणि ती बरीच भुसभुशीत निघाली. हा वाद मोजक्या अभ्यासकांपुरता राहावा असा नाही. तो खेळाडूंच्या कामाचा आहे आणि पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्या रुग्णांच्याही.

सुरुवात झाली ती विंडसर्फिंगच्या फळीवर. मूळच्या जर्मन असलेल्या संशोधिका गॅब्रिएल वुल्फ यांना वळण घेताना पायांचा विचार केला की अडखळायला होई आणि फळीच्या कलाचा विचार केला की जमे. हा अनुभव त्यांनी प्रयोगशाळेत नेला. स्कीइंगची नक्कल करणाऱ्या, चाकांवर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या एका यंत्रावर त्यांनी नवख्या मंडळींना उभे केले. एका गटाला सांगितले, बाहेरच्या पायाने जोर लावा. दुसऱ्याला सांगितले, बाहेरच्या चाकांवर जोर लावा. तिसऱ्याला काहीच सांगितले नाही. चाके पायांच्या अगदी खालीच असल्यामुळे दोन सूचनांतले अंतर काही इंचांचे होते. तरी चाकांकडे लक्ष देणारा गट पुढे गेला आणि पायांकडे लक्ष देणारा गट कोणतीच सूचना न मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरला नाही. 1998 मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यातून एक संशोधनशाखाच उभी राहिली.

पुढचे निकाल एकमेकांना पूरक निघत गेले. गोल्फमध्ये हाताच्या झोक्याऐवजी काठीच्या झोक्याकडे लक्ष दिलेले नवशिके अचूक ठरले. बास्केटबॉलच्या फ्री-थ्रोमध्ये मनगटाऐवजी रिंगकडे लक्ष दिल्यावर चेंडू जास्त वेळा आत गेला आणि दंडाच्या स्नायूंतली विद्युत हालचालही कमी नोंदली गेली, म्हणजे तेच काम कमी ताकदीत झाले. सर्वांत जास्त सांगितला जातो तो 2010 चा उभ्या जागेवरून लांब उडीचा प्रयोग. ‘गुडघे शक्य तितक्या झटक्यात सरळ करा’ असे सांगितलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपेक्षा ‘सुरुवातीच्या रेषेपासून शक्य तितके दूर जा’ असे सांगितलेले विद्यार्थी सरासरी सुमारे 10 सेंटीमीटर पुढे गेले. यासाठी ना जास्तीचा सराव करावा लागला, ना खुराक बदलावा लागला. बदलले ते फक्त वाक्य. कोणत्याही प्रशिक्षकाला मोह पडावा असाच हा आकडा आहे.

कारणाची मांडणीही पटणारी होती. चालणे, फेकणे, उडी मारणे ही कामे शिकून झाल्यावर मेंदू ती आपोआप चालवतो. अनेक स्नायूंचा मेळ एकाच वेळी घालायचा असतो आणि जाणीवपूर्वक विचार त्या वेगाला पुरा पडत नाही. अवयवाकडे लक्ष गेले की आपोआप चाललेल्या कामात जाणीव हात घालते, शेजारचे स्नायूही ताठरतात आणि हालचाल तुटक होते. लक्ष परिणामाकडे राहिले तर शरीर आपली वाट आपण शोधते. जिना उतरताना ‘आता कोणते पाऊल?’ असा विचार केला की काय होते, हे अनेकांनी अनुभवलेले आहे.

आपल्याकडे हा मुद्दा समजावताना अर्जुनाला दिसलेला पक्ष्याचा डोळा हटकून येतो. महाभारतातली दुसरी एक गोष्ट मात्र प्रशिक्षकांच्या भाषणात सहसा येत नाही आणि ती जास्त मोलाची आहे. जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी अंधारात घास बरोबर तोंडाशी गेला. हे लक्षात आल्यावर अर्जुन रात्रीच्या अंधारात धनुर्विद्येचा सराव करू लागला, असे आदिपर्व सांगते. डोळ्यावर नजर ठेवणे त्याला परवडले, कारण हात सवयीने तयार झाला होता. हात तयार नसलेल्या शिकाऊ मुलाला ‘फक्त लक्ष्य बघ’ म्हणून कितपत भागेल, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचे एक उत्तर 2002 मध्ये सायन बाइलॉक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून मिळाले होते. फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू नेताना पायाचा कोणता भाग चेंडूला लागतो आहे याकडे लक्ष द्यायला लावले, तेव्हा कसलेले खेळाडू मंदावले आणि नवखे उलट सुधारले. त्याच कसलेल्या खेळाडूंना डाव्या, म्हणजे कमी सरावाच्या पायाने खेळायला लावल्यावर त्यांनाही पायाकडे लक्ष दिल्याचा फायदा झाला. एकाच माणसाच्या दोन पायांना दोन वेगळ्या सूचना लागू पडल्या. पण बाहेर लक्ष ठेवणे नवख्यांपासून निष्णातांपर्यंत सर्वांनाच उपयोगी, असे वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे राहिले. पुरावाही त्याच बाजूला साचत गेला. 2021 मध्ये वुल्फ सहलेखिका असलेले मोठे महाविश्लेषण ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या मानाच्या नियतकालिकात आले. सराव थांबवून काही काळाने पुन्हा चाचणी घेतली असता बाह्य लक्षाचा फायदा 0.58 च्या घरात, असे त्यात निघाले. या मापात 0.2 लहान, 0.5 मध्यम आणि 0.8 मोठा असा ढोबळ संकेत आहे. म्हणजे परिणाम चांगला घसघशीत होता. वय, अनुभव, आरोग्य काहीही असो, तो टिकतो असाही निष्कर्ष होता. विषय जणू मिटला.

तीन वर्षांनी, 2024 मध्ये, त्याच नियतकालिकात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे ब्रॅड मॅके, मायकेल कार्टर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी स्वतः नवे प्रयोग केले नाहीत. 2021 च्या विश्लेषणातलाच विदा घेतला आणि एकच प्रश्न विचारला: जे छापले गेले त्यावरून जे छापले गेले नाही त्याचा अंदाज घेतला, तर काय उरते?

हा प्रश्न नीट समजून घ्यायला हवा, कारण आरोग्याच्या बातम्यांत रोज दिसणाऱ्या कित्येक ‘संशोधन सांगते की’ प्रकारांना तो लागू आहे. समजा वीस प्रयोगशाळांनी दहा-बारा जणांचे गट घेऊन एकच प्रयोग केला. इतक्या लहान गटांत निव्वळ योगायोगानेही मोठे फरक दिसतात. दोन-तीन ठिकाणी सूचना कमालीची उपयोगी वाटेल, दोन-तीन ठिकाणी उलटी, बाकीच्या ठिकाणी धड काहीच नाही. ज्यांना ठळक फरक मिळाला त्यांचा निबंध छापून येतो आणि उरलेल्यांचे आकडे कपाटात राहतात. नंतर कोणी छापील निबंधांची सरासरी काढली, तर ती जिंकलेल्यांचीच सरासरी असते. लॉटरी लागलेल्यांनाच विचारून ‘तिकीट घेणे फायद्याचे असते का’ हे ठरवण्यासारखा हा प्रकार आहे. हालचाल शिकण्याच्या संशोधनात प्रत्येक गटात सर्वसाधारणपणे 11 च माणसे असतात, अशी मोजणी 2016 मध्येच झाली होती. तेव्हा धोक्याची घंटा वाजली होती, पण फारशी कुणी ऐकली नाही.

मॅके यांच्या गटाने सांख्यिकी पद्धतीने हा पक्षपात वजा केला. खेळतानाच्या कामगिरीवरचा परिणाम उरला 0.01. काही काळाने घेतलेल्या चाचणीतला 0.58 उतरला 0.15 वर. नव्या परिस्थितीत कौशल्य वापरण्याचा 0.09. लक्ष शरीरापासून जितके दूर तितके चांगले, हा लाडका उपसिद्धांतही शून्यावर आला. निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते की हा प्रताप निवडक निकाल छापण्याचा आहे, बाह्य लक्षाचा नव्हे.

एवढ्यावरून ‘सगळे खोटे होते’ अशी आरोळी ठोकणे हा दुसऱ्या टोकाचा उतावीळपणा ठरेल. एक तर दुरुस्तीची गणिते स्वतःच गृहीतकांवर उभी असतात. काही काळानंतरच्या चाचणीबाबत पुरावा ‘परिणाम नाही’ या बाजूला जेमतेम झुकतो आहे, हे त्यांच्याच आकड्यांतून दिसते. दुसरे म्हणजे सरासरी शून्याजवळ आली तरी प्रयोगाप्रयोगांतला फरक खराखुरा आणि मोठा होता, हेही त्यांनी नोंदवले आहे. याचा अर्थ काही परिस्थितींत बाहेर लक्ष देणे उपयोगी पडत असेल, काहींत घातक ठरत असेल आणि दोन्ही मिळून सरासरीत एकमेकांना खात असतील. कोलमडली ती ‘सर्वांसाठी, सदासर्वदा, सर्व खेळांत’ ही हमी. खरे तर अशी हमी कोणी द्यायलाच नको होती. एकाच साच्याचे उत्तर चवड्यावरच्या धावपटूला आणि पोटावर झोपलेल्या नेमबाजाला सारखेच बसेल, हे मुळातच अजब होते.

नेमबाजीचेच उदाहरण बोलके आहे. 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले. सकाळपासून पोटात कालवत होते, काही खाल्ले नाही, काळा चहा घेऊन आलो, छाती धडधडत होती तेव्हा श्वासावर ताबा ठेवला आणि वेगळे काही करायला गेलो नाही, अशा आशयाचे तो नंतर बोलला. श्वास म्हणजे शरीराच्या आतलीच गोष्ट. पाठ्यपुस्तकाच्या काटेकोर व्याख्येत ही सूचना ‘चुकीच्या’ रकान्यात जाते. उलट 2009 च्या एका जर्मन प्रयोगात ट्रेडमिलवर धावणाऱ्या सरावलेल्या धावपटूंनी श्वासाकडे लक्ष दिले तेव्हा त्याच वेगाला त्यांना जास्त ऑक्सिजन लागला. आजूबाजूच्या दृश्याकडे लक्ष दिले तेव्हा सर्वांत कमी लागला. धावपटूचा श्वास आपोआप चाललेला असतो, त्यात ढवळाढवळ नको. नेमबाजाला मात्र चाप ओढण्याचा क्षण श्वासाशीच जुळवायचा असतो. शब्द एकच असला तरी त्याचे काम दोन ठिकाणी निराळे होते.

व्यायामशाळेतही तसेच. दंड कमावताना ‘स्नायू आवळ’ असे सांगितलेल्या तरुणांच्या दंडाची जाडी आठ आठवड्यांत 12.4 टक्के वाढली, ‘वजन वर ने’ असे सांगितलेल्यांची 6.9 टक्के, असे 2018 च्या एका प्रयोगात दिसले. मांडीच्या स्नायूंत मात्र फरक पडला नाही. हाही प्रयोग 30 जणांचाच, म्हणजे वरची सगळी शंका त्यालाही लागू. तरी त्यामागचा तर्क सरळ आहे. वजन कमी कष्टात उचलले जावे हे भारोत्तोलकाला हवे असते. स्नायू वाढवणाऱ्याला कष्टच हवे असतात.

शरीराबद्दल बोलल्याशिवाय भागतच नाही अशाही जागा आहेत. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. ज्याची शैली संशयास्पद ठरली आहे त्या गोलंदाजाशी कोपराबद्दल न बोलता काम कसे करणार? गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर उडीवरून उतरताना गुडघा आत वळतो आहे, हे खेळाडूला कळायलाच हवे. घोटीव सवय मोडून नवी बसवायची तर काही काळ ती जाणिवेत आणावीच लागते. तेवढा काळ कामगिरी खालावते, हेही खेळाडूला आधीच सांगितलेले बरे. फरक पडतो तो वेळेचा. हे काम स्पर्धेचा हंगाम संपल्यावरचे आहे, उपांत्य फेरीच्या सकाळचे नाही.

दडपणाच्या क्षणाबाबत मात्र जुने निरीक्षण अजून तग धरून आहे. इंग्लंडमध्ये रिच मास्टर्स यांनी 1992 मध्ये दाखवले की गोल्फचे नियम घोकून शिकलेले नवशिके ताण आल्यावर अडखळले. नियम न सांगता, लक्ष दुसरीकडे गुंतवून शिकवलेले अडखळले नाहीत. गटही लहानच होते, त्यामुळे इथेही सावध राहायला हवे. पण ताणाखाली माणूस शिकवलेल्या वाक्यांकडे परत धावतो, हे प्रत्येक प्रशिक्षकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. डोक्यात पाच वाक्ये असतील तर तो पाचही आठवतो. स्वतः वुल्फ यांनीच सर्क द्यू सोलेई या नामांकित सर्कसच्या तोल सांभाळणाऱ्या कलावंतांवर केलेला प्रयोग या संदर्भात फारसा उद्धृत होत नाही. हवा भरलेल्या रबरी चकतीवर उभे राहताना ना शरीराची सूचना कामी आली, ना चकतीची. काहीच न सांगता उभे केले तेव्हा त्यांच्या तोलातल्या बारीक दुरुस्त्या सर्वांत चपळ होत्या.

आता रुग्णालयाकडे. पक्षाघातानंतर चालणे शिकवताना फिजिओथेरपिस्ट काय बोलतात, हे ब्रिटनमध्ये 2013 च्या एका अभ्यासात ध्वनिचित्रमुद्रणावरून मोजले गेले. सुमारे दोन तृतीयांश सूचना शरीराबद्दलच्या होत्या: गुडघा वाकवा, टाच टेकवा, वजन या पायावर घ्या. बाह्य लक्षाच्या बाजूने पुरावा साचत होता त्या काळात ही चूक मानली गेली आणि सूचना बदलण्याचे सल्ले निघाले. पण नेदरलँड्समध्ये रुग्णांवर काटेकोरपणे घेतलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तोल सांभाळण्याच्या सरावात दोन्ही प्रकारच्या सूचनांचे गट सारखेच सुधारले. पाय कुठे आहे याची संवेदनाच हरवलेल्या माणसाला जमिनीवरच्या पट्टीकडे बघायला सांगावे की पायाकडे, हे त्याची संवेदना, स्मरण आणि भीती पाहूनच ठरेल. पार्किन्सनच्या रुग्णांत, विशेषतः आधी पडलेल्यांत, पायाखालच्या खुणेकडे लक्ष दिल्याने तोल सुधारल्याचे लहान प्रयोग आहेत. ते मोठ्या प्रमाणावर तपासले जाणे सर्वांत निकडीचे आहे. खेळाडूचा दहा सेंटीमीटरचा तोटा भरून निघतो, सत्तरीतल्या माणसाचे खुब्याचे हाड सहज भरून येत नाही.

वुल्फ यांच्या बाजूने आणि मॅके यांच्या बाजूने निबंध येत राहतील. पण वाद खऱ्या अर्थाने सुटेल तो आधी आराखडा जाहीर करून, शेकडो माणसे घेऊन, निकाल काहीही आला तरी छापण्याच्या अटीवर केलेल्या प्रयोगांतून. खेळ-शिक्षणाची पदवी देणारी महाविद्यालये आणि भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रे महाराष्ट्रात भरपूर आहेत आणि मैदानावर मुलांची कमतरता नाही. गोळा, मोजपट्टी आणि वही एवढ्या सामानात हा प्रयोग होतो. त्याला अवघड गणितही लागत नाही.

एखाद्या शिक्षकाला स्वतःपुरते पाहायचे असेल तर त्याहून सोपे आहे. एका दिवशी प्रत्येक मुलाच्या दहा फेकी ‘कोपर वर’ सांगून घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी दहा ‘त्या खुणेच्या पलीकडे टाक’ सांगून आणि तिसऱ्या दिवशी दहा काहीही न बोलता. क्रम मुलागणिक बदलायचा, नाहीतर सरावाचा फायदा सूचनेच्या नावावर जमा होतो. महिनाभराने वहीत दिसेल की रोज इतक्या मोठ्या आवाजात सांगितलेल्या वाक्यांपैकी कोणते कोणाला लागू पडले. यात सर्वांत कठीण जाणार आहे तो तिसरा दिवस, तोंड मिटून उभे राहण्याचा.